साडेतीनशे वर्षांपूर्वीचा काउली विकत घेताना

जुन्या इंग्रजी पुस्तकांचा नाद नव्यानेच लागलेली माणसं मला विचारतात, "सतराव्या शतकातलं एक तरी खरंखुरं पुस्तक घरात असावं असं वाटतं. काय घेऊ?" शेक्सपिअरचा १६२३चा फोलिओ, म्हणजे मोठ्या आकाराचा ग्रंथ, आपल्या सात पिढ्यांच्या आवाक्यात नाही. मिल्टनच्या 'पॅरडाइज लॉस्ट'ची १६६७ची पहिली आवृत्तीही विसरा. मी एब्राहम काउली या कवीचं नाव सांगतो. समोरचा बहुधा गप्प होतो, कारण हे नाव त्याने ऐकलेलंच नसतं. पण त्यामुळेच तर ते पुस्तक आपल्याला परवडतं.

काउलीच्या हयातीत त्याचं नाव मिल्टनच्या वर घेतलं जाई. १६६७च्या जुलैत तो चर्ट्सीला वारला. त्याला वेस्टमिन्स्टर ॲबीत चॉसर आणि स्पेन्सर या कवींच्या शेजारी पुरलं, आणि अंत्ययात्रेला सरदारांच्या शंभरेक बग्ग्या होत्या अशी नोंद त्याचा मित्र जॉन इव्हलिनने रोजनिशीत केली. पुढच्याच वर्षी त्याचं समग्र वाङ्मय निघालं आणि शतक संपेपर्यंत त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघत राहिल्या. मग वारं फिरलं. १७३७मध्ये अलेक्झांडर पोप या कवीने एका कवितेत विचारलंच, आता काउली वाचतो कोण? म्हणजे प्रती भरपूर आणि गिऱ्हाईक कमी. १६६८ची धडधाकट प्रत आजही काही शे पौंडांत मिळते, नंतरच्या आवृत्त्या त्याहून स्वस्त. शिकायला यासारखं पुस्तक नाही. तेव्हा ते कसं ओळखायचं, कसं तपासायचं, कुठून वाचायला लागायचं आणि कसं सांभाळायचं ते क्रमाने सांगतो. मधे माझी फजितीही येईल.

आधी माणूस समजून घ्या

काउली राजपक्षाचा कवी. म्हणजे काय, एवढं तरी माहीत असल्याशिवाय या पुस्तकाला हात लावण्यात मजा नाही. १६४२मध्ये इंग्लंडात राजा आणि पार्लमेंट यांच्यात युद्ध पेटलं. काउली तेव्हा केंब्रिजला ट्रिनिटी कॉलेजात होता. पंधराव्या वर्षी पहिलं पुस्तक छापून आलेला हुशार मुलगा. पार्लमेंटवाल्यांनी त्याला कॉलेजातून घालवलं, तो ऑक्सफर्डला राजाच्या छावणीत गेला आणि तिथून राणीच्या मागोमाग फ्रान्सला. तिथे त्याचं काम काय, तर राजा आणि राणी यांच्यातली सांकेतिक लिपीतली पत्रं लिहायची आणि उलगडायची. त्याचा मित्र टॉमस स्प्रॅट लिहितो की काही वर्षं या कामात त्याचे सगळे दिवस जात, वर आठवड्याच्या दोन-तीन रात्रीही.

१६४९मध्ये राजाचं शिर उडवलं. १६५५मध्ये काउली लंडनला आलेला असताना पकडला गेला. सुटल्यावर १६५६मध्ये त्याने 'पोएम्स' हा जाडजूड संग्रह काढला. १६६०मध्ये दुसरा चार्ल्स गादीवर आला, पण काउलीला अपेक्षित बक्षिसी काही मिळाली नाही. तो खेड्यात जाऊन राहिला. शेतात मजुरांबरोबर जास्त वेळ थांबल्याने सर्दी बसली आणि त्यातच गेला, असं स्प्रॅट सांगतो. हाच दुसरा चार्ल्स, ज्याला पोर्तुगीज राजकन्येच्या हुंड्यात मुंबई मिळाली आणि ज्याने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. तेही साल १६६८च.

मग शीर्षकपान वाचा, पण त्यावर थांबू नका

१६६८च्या प्रतीचं शीर्षकपान लांबलचक आहे. 'द वर्क्स ऑफ मिस्टर एब्राहम काउली', खाली, पूर्वी छापलेलं आणि त्याने छपाईसाठी तयार ठेवलेलं असं दोन्ही, लेखकाच्या मूळ हस्तलिखितांवरून. त्याखाली प्रकाशकाचा पत्ता: लंडन, जे. एम. यांनी हेन्री हेरिंगमनसाठी छापलं, न्यू एक्स्चेंजच्या लोअर वॉकमध्ये जहाजाच्या निळ्या नांगराची पाटी. त्या काळी दुकानांना नंबर नसत, पाटीवरचं चित्र हाच पत्ता. न्यू एक्स्चेंज हा दुकानांचा बाजार लंडनच्या स्ट्रँड रस्त्यावर होता. १६६६च्या लंडनच्या मोठ्या आगीत सेंट पॉल्स चर्चभोवतीच्या पुस्तकविक्रेत्यांचा माल जळून खाक झाला, पण आग तिथवर पोचली नाही. हेरिंगमन हा कवी ड्रायडनचाही प्रकाशक. म्हणजे बाजारातलं वजनदार नाव.

आता गोंधळ कुठे होतो ते पाहा. 'वर्क्स' याच नावाने १६६९, १६७२, १६७४, १६७८, १६८०, १६८१, १६८४ अशा एकामागोमाग आवृत्त्या निघाल्या, सगळ्या फोलिओ आकारात. दुकानदाराच्या यादीत नुसतं 'काउली, वर्क्स, सतरावं शतक' एवढंच असेल तर आधी साल विचारा. नंतरच्या प्रतींत कितवी आवृत्ती ते बहुधा शीर्षकपानावरच छापलेलं असतं. १६८१मध्ये 'सेकंड पार्ट' म्हणून एक पुस्तक निघालं. त्यात त्याचं पोरवयातलं लेखन आहे. १६८९मध्ये तिसरा भाग आला, त्यात वनस्पतींवरच्या त्याच्या लॅटिन काव्याची इंग्रजी भाषांतरं. हे भाग कधी कधी पहिल्याबरोबर एकाच बांधणीत असतात. घेताना ते बोनस समजा. पण दुसरा-तिसरा भाग नाही म्हणून १६६८ची प्रत अपुरी ठरत नाही.

फोलिओ नकोच असेल, कपाटात मावत नसेल, तर जेकब टॉन्सनने १७०७मध्ये काढलेली लहान आकाराची आवृत्ती आहे. १७७२मध्ये बिशप रिचर्ड हर्डने निवडक काउली दोन खंडांत काढला. १८८१मध्ये अलेक्झांडर ग्रोसार्टने काउलीचं संपूर्ण वाङ्मय दोन खंडांत छापलं, तेही वर्गणीदारांपुरतं, 'चर्ट्सी वर्दीज लायब्ररी' या मालेत. कवी जिथे वारला त्या गावाच्या नावाची ही माला. नुसतं वाचायलाच हवं असेल तर केंब्रिजने १९०५ आणि १९०६मध्ये काढलेले ए. आर. वॉलरचे दोन खंड घ्या. स्वस्त आहेत आणि मजकूर विश्वासाचा आहे. मी तर म्हणेन वॉलर आधी घ्या, फोलिओ नंतर. का ते पुढे येईलच.

कागद उजेडासमोर धरा

दुकानात गेल्यावर नवशिका माणूस आधी कातडी बांधणीकडे बघतो. माझीही तीच चूक झाली होती. बांधणी बदलता येते, कागद बदलता येत नाही.

त्या काळचा कागद चिंध्यांच्या लगद्यापासून साच्यावर हाताने बनवत. साच्याच्या तारांचे ठसे कागदात राहतात. पान उजेडासमोर धरलं की जवळजवळ बारीक रेषा दिसतात आणि त्यांना काटकोनात, बोटा-दीड बोटाच्या अंतरावर, ठळक रेषा. या ठळक रेषांना चेन लाइन म्हणतात. फोलिओत ताव एकदाच दुमडलेला असतो, म्हणून चेन लाइन उभ्या आणि पाणखूण, म्हणजे वॉटरमार्क, पानाच्या साधारण मध्यावर. क्वार्टोत ताव दोनदा दुमडतात, मग रेषा आडव्या होतात आणि पाणखूण घडीत अडकते. उंचीवरून आकार ठरवू नका, कापाकापीत उंची घटते. रेषा बदलत नाहीत.

मी पहिली प्रत घेतली तेव्हा विक्रेत्याच्या यादीत लिहिलं होतं, "विल्यम फेथॉर्नने कोरलेलं कवीचं चित्र सुस्थितीत". १६६८च्या प्रतीला हे मुखचित्र हवंच, आणि लोकांनी ते भिंतीवर लावायला कापून नेल्यामुळे ते बऱ्याचदा नसतं. मला ते दिसलं, मी खूश झालो, पैसे मोजले. घरी आल्यावर संध्याकाळी टेबलावरच्या दिव्यासमोर पान धरलं. बाकी सगळ्या पुस्तकात रेषा, आणि या एका पानात काहीच नाही. पान दुधासारखं गुळगुळीत. रेषाविरहित विणीचा कागद इंग्लंडमध्ये पुस्तकात पहिल्यांदा वापरला गेला तो १७५७मध्ये, बास्करव्हिल या मुद्रकाने छापलेल्या व्हर्जिलच्या काव्यात. म्हणजे माझं चित्र कितीही जुनं म्हटलं तरी काउलीच्या मृत्यूनंतर नव्वद वर्षांच्या अलीकडचं. मग चित्राच्या कडेवरून बोट फिरवलं. तांब्याच्या पत्र्यावर कोरून दाबाने छापलेलं चित्र असेल तर पत्र्याची चौकट कागदात खोल उमटते, डोळे मिटून बोटाला कळते. इथे बोट सरळ सरकत गेलं. कुणीतरी छापील नक्कल आणून, कडा कापून, हलक्या हाताने चिकटवली होती. विक्रेता खोटं बोलला असं मी म्हणत नाही, त्यालाही ठाऊक नसावं. पण तपासणं माझं काम होतं, आणि ते मी दुकानात केलं नाही.

तेव्हा नियम साधा ठेवा. पुस्तकाची पहिली चार पानं, शेवटची चार पानं आणि चित्र असेल ते पान, ही सगळी उजेडासमोर धरल्याशिवाय खिशात हात घालू नका. जुन्या पुस्तकात फसवणूक दोन टोकांना असते. पहिली आणि शेवटची पानंच झिजतात, फाटतात आणि "दुरुस्त" होतात.

पानं मोजू नका, फर्मे मोजा

या पुस्तकात पृष्ठांक बघून पूर्णता ठरवायला गेलात तर वेड लागेल. पृष्ठांक एकपासून सुरू होतात, थोड्या वेळाने पुन्हा एकपासून, मग पुन्हा. यात दोष काही नाही. १६५६चा 'पोएम्स' चार भागांचा होता: 'मिसलनीज', 'द मिस्ट्रेस', 'पिंडारिक ओड्स' आणि 'डेव्हिडिस'. 'वर्क्स'मध्ये ते भाग आले, त्यापुढे प्रसंगोपात्त कविता आणि शेवटी निबंध. बहुतेक भागांचं स्वतःचं आकडेमोजणं.

म्हणून पानाच्या तळाशी बघा. मधोमध किंवा जरा उजवीकडे एक रोमन अक्षर असतं, पुढच्या पानावर तेच अक्षर आणि दोनचा आकडा. ही खूण बांधणाऱ्यासाठी होती, कोणता फर्मा कशानंतर शिवायचा ते कळावं म्हणून. फर्मा हा शब्द आपल्या छापखान्यात अजून चालतो, त्यामुळे मराठी वाचकाला हे समजायला वेळ लागू नये. त्या काळच्या इंग्रजी फोलिओत बहुधा दोन ताव एकात एक घालून फर्मा करत, म्हणजे चार पानं, आठ पृष्ठं. म्हणून एका अक्षराची चार पानं भरली की पुढचं अक्षर.

इथे नवशिके हमखास दचकतात. आयनंतर जे येत नाही, थेट के येतं. मीही पहिल्यांदा घाबरून विक्रेत्याला फोन लावणार होतो. छापखान्याची वर्णमाला लॅटिनची, तेवीस अक्षरांची: आय आणि जे मिळून एक, यू आणि व्ही मिळून एक, डब्ल्यू नाहीच. टीनंतर व्ही, त्यानंतर एक्स. झेड संपला की अक्षरं दुप्पट करून पुन्हा ए-ए पासून. हे कागदावर लिहून दुकानात न्या.

दुसरी खूण म्हणजे पानाच्या तळाशी उजव्या कोपऱ्यात एकटाच पडलेला शब्द. तो पुढच्या पृष्ठाचा पहिला शब्द. तो जुळला की मधलं पान गळालेलं नाही. शंभर ठिकाणी तपासायची गरज नाही, प्रत्येक फर्म्याच्या जोडावर बघा.

आणि दर भागाच्या सुरुवातीला स्वतंत्र शीर्षकपान आहे का, ते पाहा. ते गळालं असेल तर भाव पाडायला हक्काचं कारण मिळतं.

विक्रेत्याची भाषा

यादीत ठरावीक शब्द येतात, त्यांचा खरा अर्थ असा. 'रीबॅक्ड' म्हणजे पुठ्ठे जुने, पाठ नवी. यात वाईट काही नाही, काम चांगलं झालेलं असेल तर उलट टिकाऊ. 'लॅकिंग' म्हणजे काहीतरी नाही, काय नाही ते वाक्य दोनदा वाचा. 'फॉक्सिंग' म्हणजे तपकिरी ठिपके, आपल्या जुन्या चोपड्यांवर असतात तसे. 'वॉश्ड' म्हणजे पानं धुतलेली. फार पांढरं, फार स्वच्छ दिसणारं जुनं पान मला तरी संशयास्पद वाटतं. 'क्रॉप्ड' म्हणजे पुन्हा बांधताना कडा कापल्या. इथे पृष्ठाच्या डोक्यावरची ओळ अर्धी कापली गेली आहे का, ते बघा. 'कंटेम्पररी काफ' म्हणजे त्याच काळातलं वासराच्या कातडीचं बांधकाम. हे असेल तर भाव चढतो आणि चढायलाच हवा.

मालकांच्या सह्या, कुटुंबाचं चिन्ह असलेलं चिकटपत्र, समासातली शाईची टिपणं, हे सगळं मी दोष मानत नाही. माझ्या प्रतीत एका निबंधाशेजारी कुणीतरी फिकट शाईने फक्त एक हात काढलाय, तर्जनी मजकुराकडे रोखलेली. अठराव्या शतकातल्या कुणा वाचकाला ती ओळ इतकी पटली होती.

आत काय नाही, ते आधी पाहा

समग्र म्हटलं की आपण समजतो सगळं आलं. या पुस्तकाचं खरं शिक्षण इथे आहे.

काउलीने मृत्युपत्रात आपले कागद स्प्रॅटच्या हवाली केले होते. स्प्रॅट पुढे बिशप झाला, पण तेव्हा तो राजाच्या कृपेतल्या वर्तुळात पाय रोवत होता. 'वर्क्स'च्या सुरुवातीला त्याने काउलीचं चरित्र लिहिलं. त्यात एक मजेदार परिच्छेद आहे. मित्राची खासगी पत्रं आपण छापणार नाही, कारण पत्रांत माणसाचं मन घरच्या कपड्यांत असतं. खोलीत दोघा-चौघांनी पाहायला ठीक, रस्त्यावर न्यायला नव्हे. वाक्य सुरेख आहे, आणि त्यापायी आपल्याला पत्रांना मुकावं लागलं.

दुसरी कात्री जास्त धारदार. १६५६च्या प्रस्तावनेत काउलीने लिहिलं होतं की लढाईचा निकाल लागला, आपण जेत्याच्या अटी मान्य केल्या, तेव्हा हत्यारांबरोबर लेखण्याही खाली ठेवल्या पाहिजेत. गावं आणि किल्ले पाडले तशी आपल्या पक्षासाठी बुद्धीने उभारलेली तटबंदीही पाडली पाहिजे. पार्लमेंटच्या बाजूच्या क्रॉमवेलच्या राज्यात, नुकत्याच तुरुंगातून सुटलेल्या माणसाचं हे वाक्य. राजपक्षातल्यांना ते शरणागतीचं वाटलं आणि राजा परतल्यावर काउलीला ते महागात पडलं. १६६८च्या 'वर्क्स'मध्ये तीच प्रस्तावना छापली आहे, पण ती वाक्यं गायब. फोलिओ हातात घेऊन प्रस्तावना वाचाल तर काही गाळल्याचं जाणवणारही नाही, सांधा इतका बेमालूम. म्हणून म्हणालो, फोलिओ नंतर घ्या. १६५६चा मजकूर शेजारी ठेवा, नुसता फोलिओ पुरत नाही.

तिसरी गोष्ट तर कादंबरीत शोभेल अशी. युद्ध ऐन भरात असताना ऑक्सफर्डला काउलीने त्या युद्धावरच महाकाव्य लिहायला घेतलं होतं. राजा जिंकेल या भरवशावर. राजा हरायला लागला आणि कविता अर्ध्यावर थांबली. १६५६च्या प्रस्तावनेत तो म्हणतो की त्या काळातलं लेखन आपण टाकून दिलं, प्रतीसुद्धा जाळल्या. 'वर्क्स'मध्ये ती नाहीच. १६७९मध्ये तिचा पहिला सर्ग कुठूनतरी बाहेर आला आणि छापला गेला. उरलेल्या दोन सर्गांचं हस्तलिखित विसाव्या शतकात सापडलं, आणि ॲलन प्रिचर्ड यांनी १९७३मध्ये तिन्ही सर्ग एकत्र प्रसिद्ध केले. म्हणजे राजपक्षाच्या कवीची सगळ्यात राजनिष्ठ कविता त्याच्या समग्र वाङ्मयात नाही, आणि कवीने जाळली म्हणून सांगितलेली ती तीनशे वर्षांनी पुरी वाचायला मिळते.

ही प्रत दाखवायला काढली की मी पाहुण्यांना आधी चित्र दाखवत नाही. आधी प्रस्तावना उघडतो.

वाचायला शेवटून सुरुवात करा

अक्षरांची सवय व्हायला अर्धा तास पुरतो. त्रास एकाच अक्षराचा, लांब एस. तो दिसतो एफसारखा, फक्त मधली आडवी रेघ डावीकडेच असते, उजवीकडे जात नाही, कधी नसतेच. शब्दाच्या शेवटी मात्र नेहमीचा एस. सुरुवातीला 'सॉन्ग'चं 'फॉन्ग' होईल, हसून पुढे जा. स्पेलिंगचा बाऊ करू नका, मोठ्याने वाचलं की कळतं.

पहिल्या पानापासून वाचायला घेतलंत तर पुस्तक महिनाभरात कपाटात जाईल. सगळ्यात मागचा भाग उघडा, निबंधांचा. निबंध अकरा आहेत. त्यातला 'ऑफ मायसेल्फ' आधी. त्यात तो सांगतो की आईच्या बैठकीच्या खोलीत स्पेन्सरचं एक पुस्तक पडलेलं असे. का ते त्यालाही ठाऊक नाही, कारण आई देवाधर्माशिवाय दुसरं काही वाचत नसे. ते पुस्तक त्याच्या हाती लागलं आणि बारा वर्षांचा व्हायच्या आतच तो कवी झाला. या गद्याला आज साडेतीनशे वर्षं झाली असं वाटत नाही. जेवणानंतर शेजारी बसून बोलल्यासारखं आहे. मग 'द गार्डन', जो त्याने इव्हलिनला उद्देशून लिहिला, आणि 'ऑफ सॉलिट्यूड'.

त्यानंतर पुढे या. 'मिस्ट्रेस'मधली 'द विश' ही कविता, लहान घर, मोठी बाग, थोडे मित्र आणि पुष्कळ पुस्तकं मागणारी. मग 'ॲनाक्रिऑन्टिक्स'मधली पिण्यावरची कविता. तहानलेली जमीन पाऊस पिते आणि तरी आ वासून आणखी मागते, झाडं जमीन पितात, समुद्र नद्या पितो, सूर्य समुद्र पितो, मग मीच का पिऊ नये? मृगाच्या पहिल्या सरीने भेगाळलेली जमीन पाणी शोषताना पाहिलेल्या माणसाला ही कविता समजावून सांगावी लागत नाही. लंडनच्या सततच्या भुरभुरीत लिहिणाऱ्याला ती तहान कुठून सुचली, याचं मला नवल वाटतं. अर्थात मूळ कल्पना ग्रीक.

रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेवरची ओड, म्हणजे गौरवकविता, वाचा, त्यात तत्त्वज्ञ बेकन बायबलमधल्या मोझेससारखा डोंगरावरून नव्या भूमीकडे बघतो. पिंडारिक ओड्स दोन-तीनच पुरेत. प्राचीन ग्रीक कवी पिंडारच्या कवितेला काटेकोर बांधणी असते. काउलीने ओळी मन मानेल तशा लहानमोठ्या केल्या आणि पुढची पिढी तेच पिंडारचं वळण समजून बसली. 'डेव्हिडिस', म्हणजे दाविद राजाचं महाकाव्य, बारा सर्गांचं ठरलं होतं, झाले चार. मला दुसऱ्या सर्गाच्या पुढे जाता आलेलं नाही. त्याच्या टिपा मात्र वाचनीय आहेत. कवितेपेक्षा तो स्वतःला टिपांत जास्त मोकळा सोडतो.

हाताळणी आणि आपला पावसाळा

पांढरे हातमोजे घालू नका. सिनेमात घालतात. मोज्यात बोटाला अंदाज राहत नाही आणि पान फाटतं. हात साबणाने धुवा, पुसून कोरडे करा, क्रीम लावू नका. पुस्तक सपाट उघडू नका, दोन्ही बाजूंना उशी किंवा घडी घातलेला टॉवेल ठेवून इंग्रजी व्हीसारखं उघडा. काही लिहायचंच तर शिसपेन्सिल. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावणाऱ्याला माझ्या घरात चहा मिळत नाही.

प्रत इंग्लंडातच ठेवणार असाल तर काळजी थोडी. रेडिएटरपासून आणि बाहेरच्या भिंतीपासून लांब ठेवा, बस्स. मुंबई, गोवा किंवा कोकणात आणणार असाल तर जून ते सप्टेंबर हाच खरा शत्रू. पुस्तकाला हवेतली आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास मानवते, आपल्याकडे पावसात ती ऐंशीच्या वर जाते. कातडी बांधणीवर बुरशी आधी धरते. साधा आर्द्रतामापक आणि एक छोटं डीह्युमिडिफायर घ्या, ज्या खोलीत पुस्तक तिथेच. एसी दिवसा लावून रात्री बंद केलात तर चढउताराने जास्त नुकसान होतं. डांबरगोळ्या नकोत. आमच्या आजोळी पोथ्या लाल रुमालात बांधून शेजारी वेखंडाचे तुकडे ठेवत. कापडात सैल गुंडाळण्याची पद्धत फोलिओलाही चांगली, फक्त कापड सुती, धुतलेलं आणि रंग न जाणारं हवं. महिन्यातून एकदा काढून पानं चाळा. कसर आणि झुरळांना न हलवलेलं पुस्तक आवडतं.

कातड्याला तेल, व्हॅसलिन, बुटाचं पॉलिश, यातलं काहीही लावू नका. जुन्या कातड्याची लाल भुकटी हाताला लागत असेल तर जाणकाराकडे न्या, तोवर कागदाचं वेष्टन घाला.

आतल्या कागदाची मात्र फारशी चिंता करू नका. माझ्याकडे वडिलांची १९७०च्या दशकातली मासिकं आहेत. पान उलटताना कोपरा हातात येतो. शेजारी १६६८चं पान कडक, पांढरट, उलटताना खडखड वाजतं. चिंध्यांचा कागद आणि लाकडाचा कागद यांतला हा फरक.

विकत घ्यायचंच असं नाही

ब्रिटिश लायब्ररीत रीडर पास काढून दुर्मिळ पुस्तकांच्या वाचनकक्षात बसता येतं. ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा लागतो. पहिल्यांदा फोम पाचरांवर पुस्तक ठेवून, शिशाच्या मण्यांची माळ पानावर टाकून वाचताना थोडं अवघडल्यासारखं होतं, पण फुकटात शिकायला याहून चांगली जागा नाही. एक पूर्ण प्रत आधी तिथे पाहा, फर्मे वहीत उतरवा, मग तीच वही घेऊन पुस्तकमेळ्यात जा. विक्रेते अशा गिऱ्हाईकाशी वेगळं बोलतात. घरबसल्या मजकूर हवा असेल तर टेक्स्ट क्रिएशन पार्टनरशिपने त्या काळच्या हजारो इंग्रजी पुस्तकांचा टंकित मजकूर मोफत खुला केला आहे.

आणि घेतल्यावर, त्याच दिवशी, एक कागद करा: कुणाकडून, केव्हा, कितीला, कोणता फर्मा अपुरा, कोणतं पान दुरुस्त, बांधणी कशी. पुस्तकावर नव्हे, सुट्या कागदावर, पेन्सिलने. तो आम्लरहित पाकिटात घालून पुस्तकाबरोबर ठेवा. माझ्या पाकिटात ते नकली चित्रही आहे. बांधणाऱ्याने ते अलगद सोडवून दिलं, मी त्याच्या मागे लिहिलं, "कागदात रेषा नाहीत, कडेला पत्र्याचा दाब नाही, १६६८चं नव्हे," आणि खाली तारीख टाकली.